आम्हाला चांगली भूमिका नको, प्रत्येक भूमिका हवी

निळू फुले यांच्या चाळीस वर्षांच्या अभिनयाचं आपण मराठी माणसांनी काय केलं? एक वाक्य केलं. ‘बाई, वाड्यावर या.’ संपले निळूभाऊ.

माझ्या नववीच्या वर्गात कुणालाही उठवा आणि सांगा, निळू फुले करून दाखव. पोरगा खांदा किंचित तिरका करील, डोळे बारीक करील, आवाज घशात दाबून तेवढं एक वाक्य म्हणेल आणि वर्ग हसून लोळेल. ही पोरं जन्मायच्या आधीच, १३ जुलै २००९ रोजी, निळूभाऊ गेले. यांनी त्यांचा एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. हे वाक्य कुठल्या सिनेमातलं, असं विचारलं की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खरं सांगायचं तर स्टाफरूममध्ये विचारलं तरी तेच होतं. वाक्य मोबाइलवरून आलं, नकलाकारांनी घासून गुळगुळीत केलं आणि त्यालाच आपण ‘निळू फुले’ म्हणू लागलो.

यात एवढं चिडण्यासारखं काय, नक्कल ही दाद असते, असं कुणी म्हणेल. मी चिडतो, कारण माणसाला एका वाक्यात, एका दाढीत, एका टोपीत बसवून टाकायची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचे चटके माझ्या वर्गातल्या काही मुलांना रोज बसतात. त्या मुलांकडे मी येणारच आहे. आधी निळूभाऊंचा हिशेब मांडू.

रायगड जिल्ह्यातला मास्तर नटावर लिहायला बसला की लोकांना वाटतं, नाना पाटेकरांवर लिहील. ते मुरूड-जंजिऱ्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. पण मला जे म्हणायचं आहे ते पुण्याच्या निळूभाऊंच्या उदाहरणाने जितकं स्पष्ट होतं, तितकं दुसऱ्या कुणाच्या उदाहरणाने होत नाही.

हा माणूस पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात नाटुकली बसवत होता. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने नाव झालं. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ मधला झेलेअण्णा पडद्यावर आला आणि मराठी सिनेमाला आपला खलनायक सापडला. पुढे सरपंच, पाटील, सावकार, पुढारी अशी रांग लागली. गावोगावच्या बायका त्यांना समोर बघून बोटं मोडायच्या, शिव्या द्यायच्या. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण गोष्ट इथे संपत नाही, इथून सुरू होते.

१९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आलं. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, स्वतःच्या नियमांनी जगणारा, शिवराळ, दारूडा, तरीही ढोंग न करणारा पुस्तकबांधणीवाला. सेन्सॉरने नाटक अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं. तो सखाराम निळूभाऊंनी उभा केला. प्रेक्षकाला त्याचा राग येतो आणि त्याच वेळी सभ्य म्हणवणाऱ्या समाजाचाही येतो.

१९७५ साली ‘सामना’ आला. हिंदूराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. हा पाटील अंगावर धावून येत नाही. तो दारू पिऊन गावात येऊन पडलेल्या मास्तरांना घरात आणतो, खाऊपिऊ घालतो, कारखाना दाखवतो, कोंबड्या दाखवतो, आपण गावाचं भलं केलं असं मनापासून समजतो. आणि डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर त्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारत राहतात, की मारुती कांबळेचं काय झालं. त्या प्रश्नासरशी पाटलाच्या चेहऱ्यावर जे हलतं, ते बघण्यासाठी ‘सामना’ बघावा. हा वाड्यावर बोलावणारा पाटील नव्हे. हा आपल्या लोकशाहीतला मालक आहे आणि त्याला आतून भीती वाटते.

१९७७ साली ‘जैत रे जैत’. पेणहून पनवेलकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना, त्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या ठाकरांची गोष्ट गो. नी. दांडेकरांनी लिहिली, तिच्यावरचा सिनेमा. आमच्याच डोंगरातला. त्यातही निळूभाऊ आहेत. तिथे वाडा नाही आणि पाटीलकीही नाही.

१९७९ साली ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर आधारलेला. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, बंडाच्या तयारीतले मंत्री श्रीराम लागू, आणि हे सगळं बघत हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. शर्ट-पँटमधला, थकलेला, सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा माणूस. शेवटी त्याचं डोकं फिरतं आणि तो हसत सुटतो. चार वर्षांपूर्वी ज्याला सत्तेचा माज दाखवायला सांगितलं होतं, त्यालाच आता सत्तेपुढची हतबलता दाखवायला सांगितली आणि त्याने ती दाखवली. पुढे हिंदीत १९८३ च्या ‘कुली’त तो हमाल होतो आणि १९८४ च्या ‘सारांश’मध्ये एका म्हाताऱ्या मास्तरच्या घरावर दहशत बसवणारा पुढारी होतो.

आणि पडद्याबाहेर? पडद्यावर बायकांवर डोळा ठेवणारा हा नट आयुष्यभर सेवा दलाचा माणूस राहिला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिला. सामाजिक कार्यकर्त्यांना महिन्याचं मानधन मिळावं म्हणून डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करत फिरला.

मी शाळेत मराठीही शिकवतो आणि उर्दूही. उर्दूत ‘किरदार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाटकातलं पात्र म्हणजे किरदार, आणि माणसाचं चारित्र्य, त्याची वागणूक म्हणजेही किरदार. मराठीत ‘भूमिका’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. नट करतो ती भूमिका, आणि एखाद्या प्रश्नावर माणूस घेतो तीही भूमिका. निळूभाऊंचं दोन्ही भाषांत नीट वर्णन होतं. वाईट किरदार करणाऱ्या या माणसाचा किरदार चांगला होता. दुसऱ्याची भूमिका करताना स्वतःची भूमिका त्याने सोडली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, एवढं ज्या समाजाला कळतं तो समाज नाटक बघायला लायक झाला असं समजावं. त्या बोटं मोडणाऱ्या बायकांना आपण अडाणी म्हणून हसतो. पण निदान त्यांनी सिनेमा पूर्ण बघितला होता!

आता पेणकडे येतो. साचा म्हणजे काय हे पेणमधल्या शेंबड्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात बारा महिने गणपतीचे कारखाने चालतात. एक साचा झाला की त्यातून शेकडो मूर्ती निघतात. पण कारखान्यात जरा वेळ उभं राहिलं की दुसरी गोष्टही दिसते. साच्यातून निघालेल्या मूर्तीला कुणी लगेच विकायला ठेवत नाही. ती घासली जाते, रंगवली जाते आणि शेवटी हाताने डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याला मान असतो. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती आखणीने वेगळ्या दिसतात. साचा कामाचा असतो, पण काम तिथे संपत नाही, हे आमच्या पेणच्या कारागिराला कळतं.

निळूभाऊंनाही सिनेमाने साच्यातच घातलं होतं. त्या साच्यावर पैसे मिळत होते, निर्मात्यांनी तो मोडायचं काही कारण नव्हतं. मग हिंदूराव पाटलाच्या डोळ्यांची आखणी कुणी केली? दिगू टिपणीस होशील का, असं कुणी विचारलं? ‘सामना’, ‘जैत रे जैत’ आणि ‘सिंहासन’, तिन्ही सिनेमांचा दिग्दर्शक एकच. डॉ. जब्बार पटेल. सोलापुरात वाढलेले, दौंडला मुलांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर.

होय, मराठी मुसलमान. पण लगेच कॉलर ताठ करू नका. जब्बार पटेलांचं नाव मी ‘बघा, आपला माणूस’ एवढ्यासाठी घेत नाही. मला वेगळी गोष्ट दाखवायची आहे. या माणसाने मुसलमानांवर सिनेमा काढण्याची वाट बघितली नाही. त्याने साखर कारखान्यावर काढला, मंत्रालयावर काढला, ठाकरांवर काढला, ‘उंबरठा’ काढून घराबाहेर पडणाऱ्या बाईवर काढला. रंगभूमीवर १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसवून पेशवाईवर बोलला. आणि २००० साली पडद्यावर आला तो त्याचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. त्यात बाबासाहेब कुणी केले? केरळच्या मामुट्टी यांनी. तेही मुसलमान. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाबासाहेबांचा कोट एका मुसलमान नटाच्या अंगावर बसला की नाही, हे लोकांनी पडद्याकडे बघून ठरवलं. मामुट्टींची जन्मपत्रिका कुणी मागितली नाही.

आणखी मागे जा. १९४० साली प्रभातने ‘संत ज्ञानेश्वर’ काढला, त्यात ज्ञानेश्वर केले शाहू मोडक यांनी. ते नगरचे मराठी ख्रिस्ती. लोक त्यांच्या पाया पडायचे. म्हणजे पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या मराठी प्रेक्षकाला ख्रिस्ती नटाचा ज्ञानेश्वर चालत होता.

आता माझ्या वर्गातल्या मुलांकडे येतो.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनाचे दिवस. अफझलखानाचा वध हा हुकमी कार्यक्रम. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मी वर्षानुवर्षं शिकवतो, परीक्षक म्हणून शाळाशाळांत बसतो. एका शाळेचं नाव घेऊन काही होणार नाही, कारण हे एका शाळेचं नाही. पात्रं वाटताना शिक्षक वर्गावर नजर फिरवतात आणि अफझलखानासाठी ती नजर एखाद्या इम्रानवर, एखाद्या सलमानवर जाऊन थांबते. ‘तू हो रे खान, तुला शोभेल.’ सगळे हसतात. तोही हसतो. देशभक्तिपर नाटुकलं असेल तर अतिरेकी तोच. नशाबंदीवर पथनाट्य असेल तर गांजा विकणारा तोच. आणि शेवटी ‘विविधतेत एकता’ असेल तर जाळीची टोपी घालून मधोमध उभा राहणाराही तोच. चार कार्यक्रम, पण मुलगा एका साच्यातून बाहेर येत नाही.

मला माहीत असलेल्या एका मुलाचा आवाज फार खणखणीत होता. पोवाडा म्हणायचा. घरी कोकणी, मोहल्ल्यात उर्दू, शाळेत मराठी, तिन्हींत तोंड चालायचं. त्याला शाहीर व्हायचं होतं. त्याला सांगितलं, ‘शाहीर दुसरा कुणी होईल, तुझ्यासाठी खान आहे ना.’ त्याने खान केला, चांगला केला. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दाढी निघाली पण नाव राहिलं. दहावी होईपर्यंत मैदानावर त्याला ‘अफझल्या’ अशी हाक होती. त्यानंतर तो मराठी वक्तृत्वाला कधी उभा राहिला नाही. अमर शेख हेही शाहीरच होते, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं पेटवली होती, आणि त्यांचं खरं नाव मेहबूब पटेल होतं, हे त्या मुलाला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

निळूभाऊंमध्ये आणि या मुलामध्ये फरक इथे आहे. निळूभाऊ धोतर सोडून शर्ट घालून घरी जायचे, सेवा दलाच्या बैठकीला जायचे. लोकांना दुसरे निळूभाऊ भेटू शकत होते. या पोराच्या अंगावरची दाढी रंगमंचावरून उतरल्यावरही उतरत नाही. ती त्याला नाटकाने दिलेली नव्हतीच. नावावरून आधीच दिलेली होती, नाटकाने फक्त चिकटवली.

यावर मला दोन-तीन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात.

पहिलं उत्तर असं, की कुणीतरी अफझलखान करायलाच हवा ना? अर्थात हवा. अफझलखान ही मोठी भूमिका आहे. मग ती वर्गातल्या सगळ्यात चांगल्या नटाला द्या. तो पाटील असेल, म्हात्रे असेल, जोशी असेल. आणि इतिहास दाखवायचाच तर सगळा दाखवा. १६५९ साली प्रतापगडाखाली खानाचा वकील म्हणून आला तो कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, आणि महाराजांबरोबर गेलेल्या निवडक दहा जणांत होता सिद्दी इब्राहिम. महाराजांच्या आरमाराचा दर्यासारंग दौलतखान १६७९ साली आमच्याच किनाऱ्यासमोरच्या खांदेरीला इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंजला. रायगड जिल्ह्यातल्या शाळांनी तरी दौलतखानावर एक प्रवेश बसवावा की नाही?

दुसरं उत्तर असतं, ‘सर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत धर्म आणता.’ पात्रांची वाटणी हजेरीपटावरची नावं बघून होते, तेव्हा धर्म आधीच आलेला असतो. मी फक्त तो आलेला आहे, एवढं सांगतो.

तिसरं उत्तर सगळ्यात गोड आणि म्हणूनच सगळ्यात घातक. ‘ठीक आहे सर, पुढच्या वर्षी मुसलमानाची चांगली भूमिका ठेवू.’ म्हणजे काय ठेवाल? रहीमचाचा. ‘शोले’तला तो आंधळा, सोशिक म्हातारा, ज्याचा मुलगा मारला जातो आणि जो तरीही गावाला शहाणपण सांगतो. तो पठाण, जो शेवटच्या रिळात मित्रासाठी छातीवर गोळी घेतो. या भूमिकांचा मला राग नाही. पण रहीमचाचा हाही साचाच आहे. पहिल्या साच्यात मुसलमान मारतो, दुसऱ्यात मरतो. साधं जगताना तो कुठेच दिसत नाही. किराणा मालाचं दुकान चालवताना, बायकोशी भांडताना, सरपंचकीला उभं राहून पैसे खाताना, पडून पुन्हा उभं राहताना दिसत नाही.

आणि त्या रहीमचाचाचं काम केलं होतं ए. के. हंगल यांनी. हिंदू नटाने इमामसाहेब केला, त्यात कुणाला काही खटकलं नाही, खटकायलाही नको. ‘कुली’त अमिताभ बच्चन इकबाल झाले आणि त्यांच्या शेजारी निळूभाऊ नथू झाले. उलट बाजूने युसूफ खान हा माणूस दिलीप कुमार होऊन पन्नास वर्षं राम, श्याम, गंगा होत राहिला. सिनेमाच्या दाराला दोन्हीकडून ये-जा होती. शाळेच्या रंगमंचाचं दार मात्र एकाच बाजूने उघडतं. हंगलांना इमाम होता येतं, तर इम्रानला गावचा पाटील का होता येऊ नये?

म्हणून माझी मागणी चांगल्या भूमिकेची नाही. आम्हाला प्रत्येक भूमिका हवी. आम्हाला हिंदूराव पाटीलही व्हायचं आहे, दिगू टिपणीसही व्हायचं आहे, मावळाही, शाहीरही, हलकट सावकारही आणि बावळट जावईसुद्धा. आणि ज्या पोराचा आवाज सगळ्यात खणखणीत, त्यालाच महाराजांची भूमिका द्यायची असेल, तर त्याचं नाव इम्रान आहे म्हणून ती काढून घेऊ नका.

मराठीत साच्याबाहेरचा मुसलमान लिहिलाच गेला नाही, असं नाही. पुन्हा ‘सखाराम बाइंडर’कडे या. त्यात दाऊद मियाँ आहे. सखारामचा दोस्त. त्याच्या घरी बसून चिलीम ओढणारा, गप्पा मारणारा. गणपतीच्या आरतीला तो उभा राहतो, तेव्हा लक्ष्मी त्याला अडवते, आणि सखाराम त्यावरून तिला मारतो. हे मारणं भयंकर आहे, तेंडुलकरांनी ते भयंकर म्हणूनच लिहिलं आहे. दोस्ताचा अपमान सहन न होणारा हा माणूस त्याच क्षणी बाईचा अपमान करतो. पुढे हाच दाऊद दोस्ताच्या घरातल्या चंपाशी संबंध ठेवतो. म्हणजे दाऊद देवदूत नाही आणि सैतान तर नाहीच. चाळीतला, गल्लीतला, मोह होणारा माणूस. गणपतीच्या गावात राहणारा मराठी मुसलमान म्हणून मला तो रहीमचाचापेक्षा शंभरपट जवळचा वाटतो. १९७२ साली तेंडुलकरांना असा दाऊद सुचू शकला. आज ‘दाऊद’ हे नाव पात्राला दिलं की प्रेक्षक पहिल्या वाक्याआधीच निकाल लावून मोकळा होईल.

आता थोडं आपल्या मोहल्ल्यात. वाचणाऱ्यांत आपले लोक बरेच आहेत, त्यांना हे टोचेल, पण टोचू दे.

शाळा साचा बनवते हे खरं. पण आपण आपल्या मुलांना तो साचा मोडायला पाठवतो का? अष्टमीत, रोह्यात, पेणच्या मोहल्ल्यांत मी पालकांना भेटतो. मुलगी संमेलनात नाव देते, सरावाच्या तिसऱ्या दिवशी अब्बांचा निरोप येतो, ‘नाटक-बिटक नको, सर.’ मुलाला क्रिकेटला सोडतील, कुवेतला सोडतील, पण मराठी नाटकाला सोडणार नाहीत. उर्दू शाळांत एकांकिका होतात, छान होतात, पण मराठी एकांकिका स्पर्धेत त्या शाळेचं नाव दिसत नाही. घरात आपण जी कोकणी बोलतो ती मराठीच्या सख्ख्या बहिणीसारखी, आणि मातृभाषेच्या रकान्यात अनेकजण डोळे झाकून ‘उर्दू’ लिहितात. उर्दू माझी रोजीरोटी आहे, तिच्यावर माझा जीव आहे. पण भाषा प्रेमाने शिकायची असते, आणि मातृभाषा जी असेल ती खरी सांगायची असते. मराठी ‘त्यांची’ म्हणून सोडून दिलीत, तर त्या भाषेतल्या भूमिका ते वाटणार आणि तुमच्या वाट्याला उरेल ती दाढी येणार. मग तक्रार कुणाकडे करणार?

आणि ती खानांची मोजणी थांबवा. अमुक खान आपला, तमुक खान आपला. ही मोजणी करणारा तरुण जब्बार पटेल कोण, असं विचारलं तर गप्प बसतो. पडद्यावरच्या नटाचं आडनाव मोजून समाज मोठा होत नाही. बोलायला येणारी भाषा आणि उभं राहायला मिळणारा रंगमंच, यांनी होतो.

शिक्षकमित्रांना, विशेषतः माझ्याबरोबर पनवेल-रोहा गाडीत कासू, नागोठणे, निडी करत रोज शाळा गाठणाऱ्यांना, माझं सांगणं फार मोठं नाही. पात्रं ठरवायच्या आधी हजेरीपट बंद करा. प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घ्या आणि आवाज ऐकून भूमिका द्या. खलनायकाची भूमिका करणाऱ्या मुलाला, मग तो कुणीही असो, त्याच कार्यक्रमात दुसरी एखादी वेगळी भूमिका द्या, म्हणजे गावाला त्याचे दोन चेहरे दिसतील. नववी-दहावीला वर्षातून एकदा ‘सामना’ दाखवा आणि पंधरा दिवसांनी ‘सिंहासन’. मग विचारा, हा हिंदूराव आणि हा दिगू, दोघे एकच माणूस आहेत हे कुणाच्या लक्षात आलं? माझा अनुभव असा, की निम्म्या वर्गाला आधी पटतच नाही. पटलं की पोरं गप्प होतात. नक्कल करणारा पोरगा सगळ्यात जास्त गप्प होतो. त्या शांततेत खूप शिकवून होतं.

पालकांना एवढंच, की यंदा मुलीचं नाव यादीतून काढू नका. सरावाला यायचं तर स्वतः येऊन मागच्या बाकावर बसा, पण तिला उभी राहू द्या. ती सावित्रीबाई होऊ दे, सासू होऊ दे, सरपंच होऊ दे. ती वाईट बाईचं काम करील तर घाबरू नका. निळू फुले आयुष्यभर वाईट माणसाचं काम करत राहिले. मेले तेव्हा चांगला माणूस गेला म्हणून महाराष्ट्र रडला. किरदार म्हणजे काय, हे आपल्या उर्दूला ठाऊक आहे. तो मंचावर ठरत नाही.